गाडी पंधरा लाखाची, पार्ट मात्र कोटीच्या गाडीचे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जीएसटी कमी झाल्यापासून तुमच्या ऑटो पुरवणीत दर दोन-तीन आठवड्यांनी एक बातमी ठरलेली असते, अमुक एसयूव्ही एवढ्या लाखांनी स्वस्त, तमुक तेवढ्यानं. बातमी खोटी नाही म्हणा. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी या मोठ्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस असा मिळून ५० टक्के टॅक्स होता, तो सरळ ४० झाला. रेंज रोव्हर तर त्याच्या आधीच २०२४ पासनं पुण्यात जोडायला लागले म्हणून खाली आली. ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये करार झालाय त्यामुळं तिकडनं येणाऱ्या गाड्यांची ड्युटीपण टप्प्याटप्प्यानं उतरणार. सगळं खरं. पण मी कोल्हापूरजवळ हायवेच्या कडेला मल्टिब्रँड गॅरेज चालवतो, आणि माझ्याकडं या गाड्या पाच वर्षांनी येतात, आठ वर्षांनी येतात, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाबरोबर. त्या मालकाबद्दल तुमच्या पुरवणीत कधी एक ओळ नसते म्हणून हे पत्र.

हा मालक कोण असतो? कोटीची गाडी शोरूममधनं घेणारा नसतो तो. ऊसवाला असतो, कॉन्ट्रॅक्टर असतो, रस्त्यात जमीन गेली म्हणून पैसे आलेला असतो, कधी बँकेत बरी नोकरी करणारा पोरगा असतो ज्याला लहानपणापासनं एकच गाडी पाहिजे होती. हौस आहे, त्यात मला काही वाईट वाटत नाही, माझं घर त्याच्यावरच चालतं. तो मोबाइलवर बघतो की कोटीची गाडी पंधरा लाखाला मिळतेय, म्हणजे नवीन क्रेटाच्या किंमतीत, आणि त्याला वाटतं आपण जगाला फसवलं. या गाड्या येतात कुठनं तर बऱ्याचशा दिल्लीकडनं. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीला बंदी, आधी एनजीटीची, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाची, ऑर्डर आणि मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब, त्यामुळं आठ-नऊ वर्षांची झाली की तिथला मालक मिळेल त्या भावाला काढून टाकायचा. २०२५ च्या ऑगस्टात कोर्टानं कारवाईला ब्रेक लावला, पण तोपर्यंत किती गाड्या एनओसी काढून खाली आल्या त्याची गणती नाही. इथं आल्यावर पासिंग बदला, टॅक्स पुन्हा भरा, ते एजंट आधी सांगत नाही. किलोमीटर मागं घेतलेले असतात ते तर सोडाच, मी मीटरकडं बघतच नाही, ब्रेकचं पेडल आणि ड्रायव्हर सीटची कड बघतो.

आता मूळ गणित. कोटीची गाडी पाच वर्षांत निम्म्यावर येते आणि बऱ्याचदा त्याहून खाली, नऊ-दहा वर्षांत पंधरा-वीस लाखावर. पण तिचा एकही पार्ट त्याच्याबरोबर खाली येत नाही. उलट दरवर्षी वर जातो. गाडीचा हेडलाइट नवी असताना जेवढ्याचा होता त्यापेक्षा आज जास्तच. म्हणजे पंधरा लाखाच्या गाडीला दोन-तीन लाखाचा एक हेडलाइट, आणि तो पण सीलबंद, आत पाणी गेलं की उघडून दुरुस्त करायची सोय कंपनीनं ठेवलेलीच नाही, आख्खा बदला. पहिल्या मालकाला ही झळ बसतच नाही कारण तो वॉरंटीत असतो आणि वॉरंटी संपायला आली की विकून मोकळा.

एअर सस्पेन्शनचं सांगतो कारण सगळ्यात जास्त रडारड त्याचीच. या गाड्यांमध्ये स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात, चार चाकांना चार, आणि एक कम्प्रेसर त्यात हवा भरतो. रबर आहे, उन्हानं, धुळीनं, आपल्या खड्ड्यांनी आणि गावोगावच्या स्पीडब्रेकरनी त्याला बारीक चिरा पडतात. सायकलच्या ट्यूबला बारीक पंक्चर असलं की रोज सकाळी पंप मारावा लागतो तसं इथं कम्प्रेसर दिवसभर पंप मारत बसतो, तो काही सारखं चालायला बनवलेला नाही, गरम होतो आणि शेवटी जळतो. मग माणूस येतो की कम्प्रेसर बदला. मी सांगतो आधी पिशव्या बघू, नाहीतर नवीन कम्प्रेसर पण जाईल. तो म्हणतो नको, सध्या कम्प्रेसरच टाका. सहा-आठ महिन्यांनी परत. पुढची एक स्ट्रट, म्हणजे पिशवी आणि शॉकअप एकत्र असलेला पार्ट, ओरिजिनल घ्यायची म्हटली तर लाखाच्या पुढंच बोलतात आणि एका बाजूची बदलून चालत नाही, जोडीनं बदलायला लागते. काही लोक वैतागून साधी कॉइल स्प्रिंग बसवून घेतात, गाडी चालते, पण मग डॅशबोर्डवर कायमची लाइट आणि ज्या आरामासाठी ही गाडी घेतली तो आराम गेला. मग साधीच घ्यायची होती की.

दुसरं म्हणजे मजुरी, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. लोकांना वाटतं जर्मन गाडी म्हणजे पार्ट महाग. कधीकधी पार्ट किरकोळ असतो. मर्सिडीजचं ते सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ओएम६४२, एमएल आणि जीएलमध्ये यायचं, इंजिन म्हणून दणकट, माझं आवडतं. पण त्याचा ऑइल कूलर दोन बाजूंच्या सिलिंडरच्या मधल्या खोबणीत, टर्बो आणि मॅनिफोल्डच्या खाली बसवलाय, आणि त्याच्या जुन्या सीलमधनं तेल गळतं हे जगभरच्या मिस्त्र्यांना माहितीय. सील बदलायचं म्हणजे वरचं सगळं उतरवायचं. सीलची किंमत ऐकून कस्टमर हसतो आणि बिल बघून भांडतो. बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल, जुन्या एक्सवन-एक्सथ्रीमध्ये आलं, त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी, पुढं नाही, मागं गिअरबॉक्सच्या बाजूला. चेन सैल होऊन खडखडायला लागली की गिअरबॉक्स नाहीतर इंजिनच बाहेर काढायचं, आणि दुर्लक्ष केलं तर चेन तुटून इंजिन संपलं. लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी तीन आणि चार, त्यातली टर्बो बदलायला बरेच मिस्त्री आख्खी बॉडी चेसिसवरनं उचलतात, ऐकताना खोटं वाटतं पण तोच सोपा मार्ग आहे. त्याच घराण्यातल्या टीडीव्ही६ डिझेल इंजिनचं बेअरिंग फिरून क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, जायची तक्रार इंग्लंडपासनं इथंपर्यंत आहे, आणि तेव्हा दुरुस्ती वगैरे काही नसते, दुसरं इंजिन शोधायचं.

ही इंजिनं बनवणारे काही अडाणी नाहीत. पण नवीन गाडी फॅक्टरीत पटकन जुळावी, बॉनेट बुटकं दिसावं, धडकेत पास व्हावी याचा विचार आधी, दहाव्या वर्षी ती कोण उघडणार याचा नंतर, किंवा नाहीच. युरोपात लीजवर गाडी घेऊन तीन वर्षांनी परत करायची पद्धत आहे त्यामुळं तिथल्या पहिल्या गिऱ्हाइकाला पण फरक पडत नाही. आपल्याकडं गाडी म्हणजे पंधरा वर्षं, मग फिटनेस करून आणखी पाच.

आणि वापर. बीएस६ आल्यापासनं, म्हणजे एप्रिल २०२० पासनं, डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आलाच, डीपीएफ म्हणतात तो. त्यातली काजळी जळायला गाडी मधनंमधनं अर्धा-पाऊण तास सलग हायवेवर पळायला लागते. इथं गाडी घरापासनं कारखान्यापर्यंत आणि कारखान्यापासनं हॉटेलपर्यंत, एसी लावून उभी राहून तासभर गप्पा. फिल्टर भरतो, गाडी जास्तीचं डिझेल टाकून काजळी स्वतःच जाळायचा प्रयत्न करते, अर्ध्यात बंद केली की ते डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ. इव्होक आणि डिस्कव्हरी स्पोर्टच्या दोन लिटर डिझेलवर या तक्रारी बाहेरच्या देशात चिक्कार झाल्यात. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नसल्यामुळं माणसाला कळत नाही, स्क्रीनवर लेव्हल वाढलेली दिसली की तो खूश होतो की बघा ऑइल अजिबात खात नाही. अहो, ऑइल वाढतंय म्हणजेच धोका. ज्याचं फिरणं गावातल्या गावात आहे त्यानं मोठी डिझेल घेऊच नये, पेट्रोल घ्यावी, अॅव्हरेज रडवेल पण इंजिन जगेल.

विमा. थर्ड पार्टीचा हप्ता स्कॉर्पिओला आणि रेंज रोव्हरला एकच, दीड लिटरच्या वरच्या इंजिनला वर्षाला ७,८९७ रुपये, तिथं कुणाला भेदभाव नाही. खेळ पुढं आहे. गाडीची विम्यातली किंमत पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के कमी झालेली असते, त्यानंतर कंपनी आणि मालक ठरवतील ती. प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर निम्मे पैसे कापतात, झिरो डेप, म्हणजे अशी कपात न करणारा जादा विमा, घेतला तर वाचतात पण बऱ्याच कंपन्या तो जुन्या गाडीला देतच नाहीत. आणि दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किंमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. आता पंधरा लाखाच्या गाडीला बंपर, दोन हेडलाइट, रेडिएटर आणि फुटलेल्या एअरबॅगा धरल्या तर पंचाहत्तर टक्के सहज होतात, चेसिसला धक्का नसला तरी. मग ती गाडी लिलावात जाते, कुणीतरी उचलतो, भंगारातले पार्ट घालून उभी करतो, एअरबॅगच्या जागी नुसतं कव्हर, लाइट लागू नये म्हणून आत रेझिस्टर लावलेला, आणि परत ती मोबाइलवर 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन' म्हणून येते. अशा गाड्या मी उघडून बघितल्यात. त्यात कुटुंब बसणार असतं हो.

पुराचं तर आम्हाला कुणी शिकवायला नको. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा हायवेवर आली तेव्हा शिरोलीजवळ रस्ता बंद होता हे तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर होतं. एसयूव्हीवाल्याला वाटतं आपली उंच आहे. डिफेंडरची कंपनी स्वतः सांगते ९०० मिलिमीटर पाण्यातनं जाईल, खरंय, पण ते शांत पाण्यात, हळू, सस्पेन्शन वर घेऊन. पुराच्या वाहत्या पाण्यात खाली काय आहे दिसत नाही आणि समोरनं ट्रक गेला की लाट बोनेटवर. इंजिननं पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि बंद पडलेली गाडी पाण्यातच स्टार्टर मारून चालू करायचा प्रयत्न केला तर साध्या विम्यात कंपनी सरळ नाही म्हणते, इंजिन प्रोटेक्टचं ॲडऑन वेगळं घेतलं असेल तरच. हजारो रुपये वाचवायला ते काढून टाकणारे लोक मला दर पावसाळ्यात भेटतात. आणि पुरात बुडालेल्या गाड्या वाळवून विकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा, जो वाचून माझा स्वार्थ आहे असं कुणी म्हणेल तर म्हणू दे, आहेच. या गाड्यांचा निम्मा खर्च हा बिघाडाचा नाही, कुलपाचा आहे. बॅटरी बदलली तरी गाडीच्या कम्प्युटरला सांगावं लागतं की नवीन बॅटरी आहे, नाहीतर तो जुनीच समजून चार्जिंग करतो. कितीतरी मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कम्प्युटर, चेसिस नंबरला बांधलेले, पार्ट ओरिजिनल असला तरी कंपनीच्या सर्व्हरवरनं कोडिंग, म्हणजे त्याची गाडीत नोंद, झाल्याशिवाय गाडी त्याला ओळखत नाही. ते कोडिंग कोण करणार तर अधिकृत वर्कशॉप. आमच्या भागातनं गाडी फ्लॅटबेडवर घालायची, पुण्याला न्यायची, तिथं रांगेत लावायची. माझ्या एका कस्टमरची गाडी, कंपनीचं नाव लिहीत नाही, एका सेन्सरच्या कोडिंगसाठी तिकडं गेली आणि परत येताना एस्टिमेट एवढं मोठं होतं की त्यानं गाडीच विकली. सेन्सर माझ्याकडं तीन दिवस आधीच बसवून झालेला होता.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड लावला होता. कारण काय, तर सुटे पार्ट आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. त्या यादीत मर्सिडीज होती, बीएमडब्ल्यू होती, आणि मारुती, टाटा, महिंद्रापण होत्या, म्हणजे हा काही फक्त परदेशी लोकांचा दोष नाही. आयोगानं सांगितलं होतं की पार्ट आणि माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळाली पाहिजे आणि बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरनं सरसकट वॉरंटी नाकारता येणार नाही. पुढं अपिलं, हायकोर्ट, हे ते. तेव्हा माझ्याकडं शिकायला आलेला पोरगा आज स्वतःचं गॅरेज चालवतो आणि अजून चोरून आणलेल्या सॉफ्टवेअरवर काम करतो, कारण सरळ मार्गानं एकतर मिळत नाही आणि मिळालं तर छोट्या गॅरेजला परवडत नाही. २०२२ मध्ये केंद्रानं राइट टू रिपेअरची कमिटी केली, डिसेंबरात पोर्टल काढलं, त्यात मोबाइल, शेतीची अवजारं, घरातल्या वस्तू आणि गाड्या असे चार विभाग आहेत. चांगलंय. पण पोर्टल उघडल्यानं गाडीचं कुलूप उघडत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाच्या एका राज्यानं २०१२ मध्येच कायदा केला की कंपनीनं तपासणीची माहिती बाहेरच्या गॅरेजला रीतसर पैसे घेऊन द्यायचीच. फुकट कोण मागतंय?

लोक विचारतात मग घ्यायची कुठली. आपल्या भागानं त्याचं उत्तर कधीच दिलंय, पुढाऱ्यापासनं ठेकेदारापर्यंत सगळे टोयोटाच्या फॉर्च्युनरमध्ये. तीत आराम कमी, आतलं सामान त्या किंमतीला शोभत नाही, पण दहा वर्षांनी विकायला काढली तरी घ्यायला चार जण येतात. अमेरिकेत जेडी पॉवरवाले तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून यादी काढतात, २०२३ च्या यादीत टोयोटाचीच महागडी लेक्सस पहिली, शंभर गाड्यांमागं १३३ तक्रारी, लँड रोव्हर शेवटची, २७३. त्यातल्या बऱ्याच तक्रारी स्क्रीन आणि ब्लूटूथच्या असतात हे पण सांगितलं पाहिजे, सगळंच इंजिन नसतं. आणि टोयोटा म्हणजे देव नाही, २०२४ मध्ये त्यांनीच अमेरिकेत लाखभर टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स परत बोलावल्या कारण इंजिनात फॅक्टरीतला लोखंडाचा कीस राहिला होता.

तरी घ्यायचीच असेल तर माझं म्हणणं एवढंच की गाडीच्या किंमतीच्या पाव हिस्सा बाजूला काढून ठेवा आणि पहिल्या वर्षात तो जाणार असं धरून चाला. गाडी घ्यायच्या आधी रात्रभर एका जागी उभी करून सकाळी बघायला जा, एका बाजूला बसलेली दिसली तर तिथनंच परत या. सकाळी थंड इंजिन स्वतःसमोर चालू करायला लावा, मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ठेवलं विचारा. तेलाची बिलं मागा, सर्व्हिस बुकातले शिक्के नकोत, बिलं. टायरचा साइज बघा, एकवीस-बावीस इंची चाकाचा एक टायर चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो आणि आपल्या रस्त्यावर त्याची कड फुटायला एक खड्डा पुरतो.

२०१० मध्ये औरंगाबादला, आताचं छत्रपती संभाजीनगर, एकाच दिवशी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या होत्या तिथल्या लोकांनी, ६५ कोटींचा सौदा, सगळ्या देशात बातमी झाली. त्या गाड्यांना दहावं वर्ष लागलं तेव्हा त्यातल्या किती रस्त्यावर होत्या, किती शेडमध्ये ताडपत्रीखाली, हे मी तरी कुठल्या पेपरात वाचलं नाही. तुमच्या पुरवणीत गाडीची माहिती देताना एक्स-शोरूम आणि ईएमआयच्या खाली आणखी एक चौकट टाका, वॉरंटी संपल्यावर एक हेडलाइट, एक एअर स्ट्रट, चार टायर आणि टायमिंग चेनची मजुरी किती. कंपनीला विचारा. आकडे दिले तर छापा, नाही दिले तर 'कंपनीनं माहिती दिली नाही' हे पण तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आपला,
एक गॅरेजवाला,
शिरोली, जि. कोल्हापूर